रबराला तेल वर्ज्य

२ डिसेंबर २०१७, शनिवार

पंप आला! ऑटोतून, पोत्यात गुंडाळून. सोबत कंपनीचा फिटर इंद्रजीत. कंपनी म्हणजे इथलीच, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली सरकीच्या तेलाची. तेल साफ करायला कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं, ते पुढे ढकलणारा हा पंप. चारपाच वर्षं कुणी उघडलेला नाही.

इंद्रजीत म्हणाला, "साहेब नवा घेत नाही या साली. बोंडअळीनं सरकीच पोकळ करून टाकली, गाड्या येऊन नाही राह्यल्या. जुनाच उभा करा म्हणते."

साहेब म्हणजे देवीलालजी. त्यांचा निरोपही त्यानेच दिला – हा पंप सीझनभर चालला तर कंपनीचे बाकीचे पंप आमच्याकडे. नाही चालला तर नागपूरवाले आहेतच.

अब्बा स्टुलावर बसून ऐकत होते. इंद्रजीत गेल्यावर म्हणाले, "हो म्हणलं ना तू? मंग झालं."

झालं काय! हात आता मला चालवायचे आहेत.

३ डिसेंबर

रविवार असून दुकान उघडलं. आधी पंप पाण्याने धुतला, मग पुन्हा धुतला. आत कॉस्टिक राहिलं असेल तर कातडी सोलून काढेल. हातमोजे, चष्मा. अब्बांनाही चष्मा लावायला लावला. "तीस वर्षं हातपंप खोलले, कधी चष्मा नाही लावला," म्हणाले. म्हटलं, हातपंपात पाणी असतं अब्बा.

अब्बा सरकारी हातपंपाचे मेकॅनिक होते. आर्णीपासून पुढच्या तांड्यांपर्यंत अजून हातपंपवाले वाहिदभाई म्हणूनच ओळखतात. आता हात थरथरतात, नट पकडता येत नाही. पण आवाज ऐकून रोग सांगतात अजून.

त्यांना पंप दाखवला. दोन बाजूंना दोन रबरी पडदे, मधे एकच दांडा. कॉम्प्रेसरची हवा एकदा या पडद्याला रेटते, एकदा त्या. एक पडदा ओढतो तेव्हा दुसरा फेकतो. खाली-वर रबरी बॉल, आलेलं परत जाऊ नये म्हणून.

अब्बांनी दांडा हलवून पाहिला. "म्हणजे दोन हातपंप पाठीले पाठ लावून बसवले."

अगदी तेच. आयटीआयच्या सरांना हे समजावून सांगायला आठवडा लागला होता.

एक पडदा कडेने फाटलेला. बॉल झिजून बटाट्यासारखे झालेले. हवेचा व्हॉल्व्ह धूळ खाऊन बसलाय, पण वाचेल. नागपूरला किट सांगितलं.

४ डिसेंबर

अय्याजभाईचा पुण्याहून फोन. तेच. दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन टाका, अब्बांना आराम करू द्या, तूही चांगली नोकरी बघ. भाऊ लांबून फार हुशार असतो.

अब्बा शेजारीच ऐकत होते. फोन ठेवल्यावर मीच म्हटलं, मी आहे तोवर तुमचं स्टूल इथून हलणार नाही. हसले. "स्टूलचा एक पाय हलते, तेवढा ठोकून दे पहिले."

ठोकून दिला.

५ डिसेंबर

किट आलं, एसटीच्या पार्सलने. दोन पडदे, चार बॉल, बॉल बसायच्या सीटा, छोट्या रिंगा. दुकानात ठेवायची सोय नाही, उंदीर रबर कुरतडतात. घरी आणून अम्मीकडे दिलं. तिने स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवलं.

अब्बांना आधीच बजावून ठेवलं – हे कॉस्टिकचं रबर, याला तेल वर्ज्य. तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं, फाटतं. कारण मला त्यांची जुनी रीत माहीत आहे. हातपंपाचे चामड्याचे वायसर तेल प्यायल्याशिवाय बसवायचे नाहीत. आमच्या लहानपणी घरात कायम एक डबा असायचा, जवसाचं तेल आणि इंजिन ऑइल मिसळलेला, त्यात वायसर बुडालेले. वास अजून आठवतो. डबा अजून आहे, शिलाई मशीनला कामी येतो.

अब्बा म्हणाले, "चामडं वेगळं, रबर वेगळं. समजते मले."

७ डिसेंबर

सर्दी. डोकं जड. व्हॉल्व्ह साफ करून बसवला, हवा देऊन पाहिली. सरकतोय. बाकी काही नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

आज पंप जुळवला. सकाळी अम्मीने किट दिलं, पुसून, स्वच्छ फडक्यात बांधून. तिला सगळंच फडक्यात बांधून द्यायची खोड, जेवणाचा डबा असो की स्पॅनर. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, ते यायच्या आत करून दाखवायचा हट्ट होता मला.

बॉल सीटवर जरा घट्ट वाटले. नवे आहेत, बसतील. पडद्याची हवेकडची बाजू आत, दोनदा तपासली. पट्टे आवळले.

हवा सोडली आणि – टकटक, टकटक! ड्रमातलं पाणी या नळीतून त्या नळीत. अब्बा टोपी घालूनच दारात उभे. कान लावून ऐकलं. "बरोबर बोलून राह्यला," म्हणाले.

खोटं कशाला लिहू, रडू आलं. सर्दी होती म्हणून खपून गेलं.

९ डिसेंबर

कंपनीत बसवून आले. देवीलालजी "ठीक आहे" म्हणाले. त्यांचं ठीक म्हणजे पुष्कळ.

१३ डिसेंबर

चालतोय.

१६ डिसेंबर, शनिवार

पडदा फाटला.

दुपारी इंद्रजीतचा फोन. आधी पंप अडखळू लागला, मग हवा सुटायच्या सायलेन्सरमधून कॉस्टिक उडालं. तो शेजारीच होता. हातावर उडालं. लगेच नळाखाली धरला, म्हणून निभावलं. कोपरापर्यंत लालभडक. मी गेले तेव्हा पट्टी बांधून बसला होता, वर मलाच म्हणतो, "ताई, डोये वाचले. तुमी कायले रडता?"

रडत नव्हते. थोडी रडत होते.

तांड्यावर त्याची बायको संगीता कापसाची पऱ्हाटी उपटते आहे – अळीने बोंडात काही ठेवलंच नाही. घर याच्या पगारावर. आणि डोळे गेले असते तर?

पंप सोडवून आणला. इतका जीव लावून केलेलं काम आठवडाभरात तोंडघशी पाडतं!

१७ डिसेंबर

पंप धुऊन उघडला. बॉल फुगून पिंजऱ्यात अडकलेले. पडदे मऊ, दांड्याजवळ फुगवटा, तिथूनच एक फाटलेला. एकच अर्थ. आज सर्दी नाही – नाकाशी धरलं आणि वास आला. जवसाचा.

घरी आणलं. अब्बा ओट्यावर ऊन खात बसले होते. पडदा त्यांच्या मांडीवर टाकला. हो, टाकलाच. म्हटलं, हुंगा.

त्यांनी हुंगलं. आत अम्मी कुकरच्या शिट्टीला शिव्या घालत होती. अब्बांनी तिकडे पाहिलं.

विचारलं, कुणी लावलं तेल?

"हळू बोल, बेटा."

कुणी लावलं?

"मीच लावलं. सवय. हात गेला."

सांगितलं होतं ना! तोंडावर हो म्हणायचं आणि मागून स्वतःचं खरं करायचं! मग मी बोलत सुटले, आत कुकरच्या शिट्ट्या चालूच. एका माणसाचे डोळे गेले असते, म्हटलं. उद्यापासून दुकानात येऊ नका, म्हटलं. कशालाही हात लावू नका.

"बरं," म्हणाले.

अय्याजभाईचंच बोलले की मी. पण इंद्रजीतचा हात डोळ्यांसमोरून जात नाही.

१८ डिसेंबर

कंपनीत गेले. म्हणता आलं असतं की तुमच्याच लाइनमधून तेल उलटं आलं असेल. तेलाचीच कंपनी, कुणी शोधत बसलं नसतं. तसं म्हटलं नाही. किटला तेल लागलं, चूक माझ्या दुकानाची, म्हणाले. अब्बांचं नाव घेतलं नाही.

देवीलालजी इंद्रजीतकडे वळून, "तू सांग. हिले देऊ का परत?"

तो म्हणाला, "द्या. आपली चूक सांगणारी मिस्त्री नागपुराहून थोडीच येते."

एक संधी. शेवटची. इंद्रजीतचे उपकार कसे फेडू?

२२ डिसेंबर

नवं किट. घरी नेलंच नाही. पत्र्याच्या पेटीत घालून दुकानातच कुलूप लावलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.

२३ डिसेंबर

जुळवला. या वेळी बॉल सीटवर अलगद बसले. टकटक बरोबर आहे की नाही, सांगायला कुणी नव्हतं. स्टुलावर स्पॅनर ठेवले.

पंपाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावून दिला, पुन्हा उडालं तर माणसावर नको.

३० डिसेंबर

चालतोय. इंद्रजीतची पट्टी निघाली. डाग राहील म्हणतो.

अब्बा ओट्यावर बसतात. सकाळी मी निघताना पायात चपला असतात त्यांच्या, रोज. मी निघाले की काढतात. मला दिसतं. मी मागे वळत नाही.

४ जानेवारी २०१८

देवीलालजींनी दुसरा पंप पाठवला. आनंद व्हायला हवा होता. व्हॉल्व्ह मधेच अडकतोय, कारण सापडेना. आवाज नीट ऐकणारे कान घरी बसलेत. अडला हरी. पण बोलावणार नाही. त्यांनी खोटं हो म्हटलं होतं मला, ते मनातून जात नाही.

अम्मी विचारत होती, अब्बा दुकानात का जात नाहीत. अब्बाच म्हणाले, "थंडी हाय. गुडघे दुखते."

११ जानेवारी

रात्रीची भाकर थापताना अम्मी म्हणाली, "चालून राह्यला ना तुहा पंप? मले माहीतच होतं. दोन रात्री डब्यात बुडवून ठेवलं होतं मी ते रबर, चांगलं तेल पाजलं. तुह्या अब्बाचे वायसर बी जलमभर मीच भिजवले, त्यायचा एक पंप वापस नाही आला कधी. तुले सांगतलं नाही, म्हटलं पोरीचं पहिलं मोठं काम हाय, नजर नको लागाले."

अब्बा समोर जेवत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, इतकीशी. नको.

मी म्हटलं, "हो अम्मी. मस्त चालतोय."

तिने तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात टाकली.

उद्या अब्बांना दुकानात चला म्हणायचं आहे. कुठल्या तोंडाने म्हणू, सुचत नाही.