मुराळ्याचा नवा मोबाईल

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. आजपासून डायरी. पहिला निश्चय: हा मोबाईल बदलायचा. सगळी कारणं लिहीत नाही, डायरी आजच भरून जाईल.

एकच लिहितो. परवा ऑफिसात सूतवाल्या पार्टीसमोर फोन वाजला. उचलायला गेलो तर टॉर्च लागला, तो काही केल्या विझेना. शेठ गंभीरपणे बोलत होते आणि माझ्या खिशातून उजेड येत होता. खिशावर हात दाबून बसलो. पार्टीला वाटलं, छातीत कळ आली. पाणी मागवलं, खिडकी उघडली, कुणीतरी पाठ चोळली. मीही मग थोडं कण्हलो, काय करणार. फार लाज वाटली.

१५ एप्रिल

मनीषानं विचारलं, उषाअक्काला फोन केला का? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आई गेल्यानंतरची ही पहिली, आईच्या नावानं घागर भरायची, अक्का हवीच. खरं आहे. आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भावानं स्वतः जायचं, मुराळी म्हणून. दरवर्षी आई आठवडाभर माझ्या मागे लागायची आणि मी अक्काच्या सासरी तुकईथडला जायचो. मुराळी आल्याशिवाय अक्का उंबरा ओलांडत नाही. जुनं वळण.

मनीषाला म्हणालो, या डबड्यात पलीकडचं काही ऐकूच येत नाही. ती म्हणाली, माझ्या फोनवरून लावा. प्रश्न तो नाही. मान माझा आणि फोन बायकोचा, हे बरं दिसत नाही.

नवा फोन आला की पहिला फोन अक्काला. ठरलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

आमच्या इथल्या लालबागेत तुषारच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. एक्सचेंजचं विचारलं. त्यानं फोनला बांधलेलं रबर काढलं तर फोनची पाठच हातात आली. "काकाजी, इसको तो आप ही रखो," म्हणाला. दुकानात ऑफिसचे दोघं होते. एकानं छातीचं कसं आहे विचारलं. बरं आहे म्हणून सटकलो.

आज घेतला नाही. रंगही मनासारखा नव्हता.

२१ एप्रिल, सोमवार

घेतला! कॅमेरा असा की समोरच्या केळीच्या गाडीतल्या घडावरचा डाग दिसतो. देवासमोर ठेवून कुंकू लावलं. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं. मनीषा सुई घेऊन बसली. मला बघवेना, बाहेर जाऊन उभा राहिलो.

२२ एप्रिल

आज अक्काला फोन करणारच होतो. पण जुन्या फोनमधले नंबर नव्यात आले नाहीत. मनीषाला अक्काचा नंबर पाठ आहे. पण तिला विचारलं तर ती म्हणणार, सख्ख्या बहिणीचा नंबर पाठ नाही? उगाच कशाला.

२४ एप्रिल, गुरुवार

शेवटी विचारला. म्हणाली, सख्ख्या बहिणीचा नंबर पाठ नाही?

आज शांत डोक्यानं विचार केला. मुराळी जातो कशासाठी? बोलवायला. बोलावणं आता एका सेकंदात जातं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. त्यात खकनारपर्यंत बस, पुढे मिळेल ते वाहन, येताना अक्काची पिशवी आणि पापडांचा डबा मांडीवर. यात बहिणीचा मान कुठे आला? काळाप्रमाणे बदललं पाहिजे.

म्हणून व्हिडिओ बनवला. कडुनिंबाला झोका, झोक्यावर बायका, मधे फेटा बांधलेला माझा फोटो. वर सोनेरी अक्षरं: 'अक्का, तयार राहा. मंगळवारी तुझा मुराळी येतोय.' झकास झालाय. सोबत घराचं लोकेशनही पाठवलं. अक्काचा जन्म याच घरातला, पण टेक्नॉलॉजीत अर्धवट काम करू नये.

अक्काकडून लगेच जोडलेले हात आले. चला, बोलावणं पोचलं. ती येईल दाजींबरोबर.

मनीषानं विचारलं, मंगळवारी कोणत्या बसनं निघणार? तिला समजावलं की व्हिडिओतला मुराळी हाच मुराळी. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नवीन गोष्ट पटायला वेळ लागतो.

२७ एप्रिल, रविवार

चुडामणदाजींचा फोन. आवाज इतका स्वच्छ की दाजी कानात बसल्यासारखे. म्हणाले, उषानं गल्लीभर तुमचा व्हिडिओ दाखवला. मंगळवारी मुराळ्याला जेवायला खीर करू की पुरणपोळी?

मी खीर म्हणालो. का म्हणालो ते कळत नाही. जुन्या फोनवर 'हॅलो, हॅलो' करून सुटता यायचं.

तर आता जायचं. जायचंच. मंगळवारी पहाटेची पहिली बस. ऊन चढायच्या आत पोचतो. नव्या फोनवर गजर लावला.

२८ एप्रिल

मनीषानं अक्कासाठी साडी आणली. जुना शर्ट नको, इस्त्रीचा घाला म्हणाली. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी आधीच तिथे पोचलो असं समज.

२९ एप्रिल, मंगळवार, दुपार

गजर वाजला. फोनचा दोष नाही. वाजला आणि मी बंद केला.

उठलो तेव्हा ऊन चढलं होतं. म्हटलं, दुसरी बस. मग म्हटलं, चहा. मग म्हटलं, अक्कालाच व्हिडिओ कॉल करून नीट समजावतो की ऑफिसात अचानक काम निघालं. समोरासमोर बोललेलं बरं. कूलरसमोर आडवा पडलो आणि कॉल लावला.

त्यांच्याकडचा कॅमेराही चांगला आहे आणि माझी स्क्रीनही. सगळं दिसलं. अक्का ओट्यावर बसली होती. नवं हिरवं लुगडं, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. हातभर नव्या बांगड्या. मागे दारात पिशवी, तोंड बांधलेली. शेजारची मालूबाई मुराळी बघायला येऊन बसलेली.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कुठपर्यंत आला रे भाऊ? खकनार गेलं का मागं?"

मी अंगठ्यानं माझा कॅमेरा झाकला. म्हणालो, अक्का, फोन जुना आहे, धड दिसत नाही, आवाज तुटतोय.

"असू दे, असू दे. ऊन फार आहे, हळू ये. मी बसली आहे तयार." मग मालूबाईकडे वळून म्हणाली, "रस्त्यातच आहे तो. मी म्हणत होती ना, आई गेली तरी माझा भाऊ येतो."

एकही शब्द तुटला नाही. मी फोन बंद केला.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. टॉर्चची लाज काहीच नव्हती. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. साडी पिशवीत घातली, पाण्याची बाटली भरली आणि पिशवी माझ्या चपलांजवळ ठेवली. शेवटची बस अजून आहे, एवढंच म्हणाली.

त्याला आता अर्धा-पाऊण तास झाला असेल. तिकडे अक्का ओट्यावर बसली आहे. आणि मी इथे डायरी लिहीत बसलोय.