बर्टोल्डच्या थडग्यावरचा क्रूस

९ सप्टेंबर २००३, मंगळवार

खोटं बोललो. ऐंशीला टेकलो, आणि माझ्याच बैठकीच्या खोलीत बसून शाळेच्या बाईशी, तिच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रात, खोटं बोललो.

मिस एन्टविसल दहाला येणार होती. मी पावणेनऊपासून खिडकीत. बिस्किटं मांडली, काढली, परत मांडली. नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, टाउन हॉलमध्ये प्रदर्शन लावणार आहेत. मँचेस्टरच्या आमच्या भागातल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी. माझी तिला फार आवडली म्हणे. जर्मनीतून हाकललेला ज्यू पोरगा, चौदाव्या वर्षी एकटा आगगाडीने इंग्लंडला, अठराव्या वर्षी ब्रिटिश सैन्यात. ‘न घाबरता गेलात,’ म्हणाली. मी! जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरणारा मी!

मग तिने कपाटावरचा फोटो उचलला. आम्ही दोघं गणवेशात, हातात चहाचे पत्र्याचे मग. हा कोण, म्हणाली.

‘बर्नार्ड वॉलर,’ मी म्हणालो. ‘इंग्रज पोरगा. हॉलंडमध्ये गेला.’

तिने लिहून घेतलं. फोटो घेऊन गेली. आता ते नाव भिंतीवर लागणार.

१० सप्टेंबर

रक्तदाबाची गोळी एकदा घेतली की दोनदा? डबीतल्या मोजल्या. तरी कळेना.

१३ सप्टेंबर

वहीला तरी खरं सांगावं. वही तोंड वाकडं करत नाही.

फोटोतला तो बर्टोल्ड वालाख. माझ्यासारखाच जर्मन ज्यू, ब्रेस्लाउचा. आमच्यासारख्या पळून आलेल्यांना आधी बंदूक देत नसत, फावडं देत. तिथे गटारं खणताना आमची गाठ पडली. तो चांगला शिकलेला. मला बाराव्या वर्षी शाळेतून काढलं, पुढे शाळा झालीच नाही. इंग्रजी स्पेलिंगं त्याने शिकवली — ओल्या मातीवर फावड्याच्या कोपऱ्याने लिहून.

४३ साली सांगितलं, आता लढायला घेतो, पण जर्मन नाव चालणार नाही. पकडले गेलात तर तुम्ही जर्मनांच्या लेखी युद्धकैदी नाही, गद्दार. सरळ भिंतीशी उभं करतील. आद्याक्षरं मात्र तीच ठेवा, कपड्यांवर शिवलेली असतात. दोन दिवसांत नवी नावं द्या! मी लुडविग केम्पनरचा लेस्ली केम्प झालो. बर्टोल्डने टेलिफोनच्या पुस्तकात बोट ठेवलं — वॉलर. हसला. नाव द्यायला त्याची हरकत नव्हती. पण कागदावर धर्माचाही रकाना होता. तो म्हणाला, ‘नाव काय, कोट आहे. उद्या काढून ठेवीन. धर्म तसा नाही देणार.’ तिथे तो ज्यूच लिहिणार होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लस टोचली. त्याला ताप भरला. कागद चारच्या आत हवे होते, म्हणून दोघांचे मी घेऊन गेलो. कारकुनाच्या टेबलाशी पाहिलं, तर त्याचा तो रकाना मोकळाच. माझ्या डोळ्यांपुढे ती भिंत. लिहिलं — चर्च ऑफ इंग्लंड. माझ्या कागदावर आणि त्याच्याही.

आठवड्याने गळ्यात घालायचे बिल्ले आले, नाव आणि धर्म ठोकलेले. त्याने आपला वाचला. माझ्याकडे पाहिलं. शर्टात टाकला. एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

१४ सप्टेंबर

काल हात दुखला म्हणून थांबलो. हात कसला दुखतोय.

ऑक्टोबर ४४, हॉलंड. तोफगोळा पडला तेव्हा तो माझ्यापासून वीस पावलांवर. आमच्या तुकडीचा पाद्री आला, बिल्ला वाचला, आणि बिल्ल्याप्रमाणे पुरलं. भला माणूस होता. मनापासून प्रार्थना म्हणाला. मी टोपी हातात घेऊन उभा. आम्ही कोण ते कुणाला कळू द्यायचं नाही, असा हुकूम होता. हुकूम होता हे खरं. पण पाद्र्याच्या कानात दोन शब्द सांगता आले असते, हेही खरं.

आधी लाकडी क्रूस होता. मग पांढऱ्या दगडात कोरला. त्याच्यासाठी कद्दिश कुणी म्हटलं नाही. आमच्यात मेलेल्यासाठीची ती प्रार्थना दहा जण जमल्याशिवाय म्हणत नाहीत. मी एकटा होतो, आणि मीही गप्प होतो.

२१ सप्टेंबर

खणात शोधलं. मिळालं. १९४७ सालचं पत्र, ट्रूडेचं — बर्टोल्डची धाकटी बहीण. आत्याबरोबर उरुग्वेला गेली म्हणून वाचली. मुलीचं नीट अक्षर: ‘तुम्ही त्याच्याबरोबर होतात. मला त्याच्याबद्दल तुमच्याकडून ऐकायचं आहे.’

उत्तर दिलं नाही. आधी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग रेनकोटच्या कारखान्यात कापड कापायचं काम लागलं, मग लग्न, मग ज्युडिथ झाली. छप्पन्न वर्षं पुढचा आठवडा!

२९ सप्टेंबर

आमचं नववर्ष झालं. आता उपासाचा दिवस येईपर्यंत ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागायची. दर वर्षी मी शेजारणीची मागतो, तिच्या मांजरीला ओरडतो म्हणून. आज सिनेगॉगच्या दारात रब्बींना विचारलं, माणूस मेलेला असेल तर? ते म्हणाले, दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्याशी जायचं, आणि त्यांच्यादेखत बोलायचं.

मागे गार्फिंकल उभा. आमच्या माजी सैनिकांच्या मंडळाचा चिटणीस, रणगाड्यावर होता, कान अजून शाबूत. माझा दंड धरून बाकावर बसवलं. कोण मेलं, म्हणाला. सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मलाच ठाऊक नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला,

‘हे साठ वर्षं पोटात ठेवलंस? आणि अल्सर नाही झाला?’

‘झालाय ना.’

‘मग बरोबर आहे.’

मग कामाचं बोलला. आपली काही पोरं अशीच क्रुसाखाली झोपली आहेत. युद्धातल्या थडग्यांचं कार्यालय दगड बदलून देतं, क्रुसाच्या जागी आपली सहा कोनांची चांदणी कोरून. साक्षीदार हवा, तो ज्यू होता याचा पुरावा हवा, आणि जवळच्या नातेवाइकाची संमती. दहा माणसं आणायचं त्याच्याकडे लागलं. ‘सात आत्ताच धर. त्यातल्या दोघांना बोटीत उलट्या होतात, पण प्रार्थनेत नाही होत.’

साक्षीदार मी आहे. पण जवळचा नातेवाईक म्हणजे ट्रूडे. ती असेल तर. आणि सही मागायची म्हणजे तिला सांगावं लागणार की तुझ्या भावावर क्रूस मी ठेवला. ती नाही म्हणाली तर? तुमचं तोंड पाहायचं नाही म्हणाली तर?

६ ऑक्टोबर

उपास. ज्युडिथचा फोन — ‘बाबा, गोळी पाण्याबरोबर घ्या, देव पाणी मोजत नाही.’ घेतली.

९ ऑक्टोबर

गार्फिंकलने माँटेव्हिडिओतल्या आपल्या लोकांना विचारून पत्ता काढला. ट्रूडे आहे! सत्त्याहत्तर वर्षांची, विधवा, कान-डोळे ठीक. मला आनंद झाला. आता पत्र टाळता येणार नाही, हेही लगेच कळलं.

१३ ऑक्टोबर

पत्र जर्मनमधून लिहावं लागलं. माझं जर्मन चौदाव्या वर्षी थांबलं. म्हाताऱ्याने केलेलं सगळं पोराच्या भाषेत लिहावं लागतं. चार वेळा फाडलं. गोल गोल लिहीत होतो — ‘परिस्थिती अशी होती’, ‘हुकूम असा होता’. पाचव्या वेळी सरळ लिहिलं: ते मी लिहिलं, त्याला न विचारता, मी घाबरलो होतो म्हणून.

पेटीत टाकलं. टाकल्याबरोबर वाटलं, तिकीट कमी लावलंय. टपालवाला येईपर्यंत पेटीपाशी थांबलो. परत काढून देतोस का, विचारलं. तो म्हणाला, ‘आजोबा, आत गेलं ते राणीचं झालं. आता घरी जा, भिजताय.’

२४ ऑक्टोबर

काही नाही. विजेचं बिल आणि चष्म्याच्या दुकानाची जाहिरात.

३१ ऑक्टोबर

काही नाही. मेली असेल. पत्र वाचून मेली असेल!

३ नोव्हेंबर

उत्तराची वाट बघून चालणार नाही. रविवारी प्रदर्शन आहे. मिस एन्टविसलला फोन करून सांगितलं की फोटोबद्दल खोटं बोललो. फलक छापून झाला होता. मला वाटलं आता मुलांसमोर माझं नाव काढून टाकतील. ती एवढंच म्हणाली, ‘घरी आहात ना?’

अर्ध्या तासात दारात, ते यंत्र घेऊन. बिस्किटं मांडायलाही वेळ मिळाला नाही. म्हणाली, ‘केम्पसाहेब, आता पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही.’ दोन तास बोललो. मध्ये उठून तिनेच चहा केला, दूध फार घातलं. बिल्ल्याचं सांगताना मी चष्मा पुसायला लागलो, तर तिने यंत्र बंद केलं, खिडकीबाहेर पाहत बसली, आणि मी मान हलवल्यावर परत सुरू केलं. छापलेला फलक ती रद्द करणार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

पासष्ट वर्षांपूर्वी याच तारखेला केम्निट्झचं, माझ्या गावचं, सिनेगॉग नाझींनी जाळलं. आज याच तारखेला टाउन हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत — बर्टोल्ड वालाख, ब्रेस्लाउ. वाचायला चष्मा लागला नाही.

गार्फिंकल पदकं लावून आला होता. चालताना स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणासारखा वाजत होता. त्याने फलक वाचला, टाचा जुळवल्या, सलाम केला. थट्टा केली नाही. नऊ जण जमलेत म्हणे, वसंतात हॉलंडला निघायचं. मी दहावा.

माझ्या पायांचं जरा बरं आहे हल्ली. नवे बूट घ्यावेत.

शाळेच्या मुलांनी प्रश्न विचारले. टँक किती मोठा, भूक लागायची का. मग पुढच्या रांगेतली वेणीवाली एक मुलगी म्हणाली, ‘तो तुमच्यावर रागावला होता का?’

मिस एन्टविसल पुढे व्हायला लागली, मी हाताने थांबवलं.

‘माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘तो वर्षभर माझ्या शेजारी झोपायचा आणि मी विचारलं नाही.’

मुलीने मान डोलवली आणि खाली बसली. मोठ्या माणसांसारखं ‘छे छे, नसेलच’ म्हणाली नाही. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर

ट्रूडेचं पत्र. आत संमतीचा कागद, सही केलेला. आणि बर्टोल्डने तिला लिहिलेल्या एका पत्राची नक्कल, डिसेंबर ४३ चं. लीड्सच्या घरमालकिणीजवळ ठेवलं होतं त्याने. ट्रूडेला युद्धानंतर मिळालं. एवढंच उतरवून ठेवतो:

‘बिल्ले ठोकण्याआधी कारकुनाने मला बोलावलं. हे अक्षर तुझं नाही, म्हणाला, बदलायचं असेल तर आत्ता सांग. बदलणारच होतो. खिडकीतून लुडविग दिसला, अंगणात फेऱ्या घालत होता. त्याला खोटा धर्म गळ्यात घालून एकट्याला पाठवणं जिवावर आलं. राहू दे, म्हटलं. त्याला सांगणार नाही, नाहीतर या गोष्टीचीही काळजी करत बसेल.’

खाली ट्रूडेच्या अक्षरात एक ओळ आहे. ‘सोबत पुष्कळ झाली. आता दगड बदला.’