पेल्याच्या तळाशी

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! नवरोबांची बदली झाली आणि आमचं बिऱ्हाड सासूबाईंच्या मागच्या खोलीत येऊन पडलं. घर इतकं स्वच्छ, की पाय ठेवायची भीती वाटावी. सहावा आठवडा सरला म्हटल्यावर त्यांनी माझा गाल कुस्करला आणि लगेच शिवणयंत्रावर झबलं शिवायला घेतलं. लाड मला आवडतात, पण गाल अजून दुखतोय.

६ तारीख, गुरुवार
कालपासून डाग दिसत होते. सोनोग्राफीत कळलं, गर्भ पिशवीत नाहीच, उजव्या नळीत अडकलाय. तिथे तो जगणार नाही, उलट वाढला तर नळी फुटेल आणि मीच जाईन, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. लवकर कळलं म्हणून ऑपरेशन टळलं, इंजेक्शनवर भागलं. आता गर्भ विरेल आणि रक्तातला गरोदरपणाचा आकडा उतरत जाईल. फक्त फॉलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळ्या बंद, त्या या औषधाचा असर मारतात.
घरी येऊन ढसाढसा रडले. मग गोळ्यांचं पाकीट सासूबाईंना टाकून द्यायला दिलं. त्यांनी विचारलं, म्हणजे या गोळ्यांनी ते जगतं का? समजावत बसायचं त्राण नव्हतं. हो म्हटलं.

९ तारीख, रविवार
तोंड आलंय. सासूबाई दिवसातून तीनदा दूध आणतात, वर जाड साय. ती ओठाला ओल्या कातडीसारखी चिकटते. समोर बसून बोटाने ढवळतात, बोट चाटतात, पुन्हा ढवळतात. शेवटच्या घोटात खडूसारखं काहीतरी दाताखाली येतं. साखर आहे म्हणे. नवरोबा म्हणतात, नशीब काढलंस. मग प्या म्हणावं तुम्हीच.

१२ तारीख, बुधवार
आकडा उतरला नाही. रविवारी रक्त तपासलं होतं, त्याच्या दीडपट झालाय. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, गोळ्या घेत नाही ना? मी चिडून शपथच घेतली. दुसरं इंजेक्शन दिलं. ऐकून सासूबाईंनी मान फिरवली, पण हसू मला दिसलं.
नवरोबा कामासाठी परगावी गेले.

१४ तारीख, शुक्रवार, दुपार
दूध बेसिनमध्ये ओतलं. पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ. स्वयंपाकघरातला खलबत्ताही पिवळा. डब्यामागे माझं पाकीट, रिकामं, आणि नवी तीन. आठ दिवस मी हे चाटूनपुसून प्यायले! आतडी बाहेर येईतो ओकले.
जाब विचारला तर चपापल्यासुद्धा नाहीत. वाट चुकलेलं लेकरू आहे, अंगात बळ आलं की आपणहून पिशवीत उतरेल, म्हणाल्या. मग माझ्या पोटाला, उजवीकडे, तोंड लावून त्याच्याशी बोलल्या. तो ओला श्वास अजून कातडीवर आहे. शी.

तीन वाजता
दवाखान्यात निघाले तर खोलीला बाहेरून कडी. फोन बाहेर शिवणयंत्रावर राहिला. हाका मारल्या, तर पडून राहा म्हणतात. यंत्र चालूच आहे — झबलं —

साडेतीन
उजवीकडे काहीतरी फाटलं. पोट दगड झालंय. घाम, डोळ्यांपुढे अंधार — आणि खांदा. खांदा का दुखतोय — डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, खांदा दुखला तर नळी फुटली समजा, क्षणभरही —
यंत्र थांबलं. कडी काढली.
पेला आहे हातात. कळ आली म्हटलं तर चेहरा फुलला त्यांचा. उतरलं गं, म्हणतात. आता दोघांचं प्यायचं, एका दमात, गरम आहे तोवर —
माझं नाक दाबून धरल—