पुरात वर धरलेले दोन हात मतांतून वगळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हवामानबदल व पूरनियोजन कक्ष,
नगरपालिका, तिसरा मजला (जिथे पाणी पोहोचत नाही)

विषय: अर्जदाराने न दिलेली दोन मते रद्द होणेबाबत.
संदर्भ: वस्ती समितीचा भर पावसातील ठराव.

महोदय,

१. अर्जदार खालच्या गल्लीतील शेवटच्या घरात शिवणकाम करते. सोबत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. पाऊस आताशा काळवेळ पाहत नाही, म्हणून "उपाय लोकांनीच ठरवावेत" असे म्हणत आपल्या कक्षाने समिती नेमली, हे स्तुत्यच आहे. त्या लोकांत आपणही मोडतो, एवढाच अर्जदाराचा गैरसमज झाला.

२. वरच्या गल्लीत तुंबणारे पाणी मोठ्या पाइपने खालच्या गल्लीत सोडावे, अशी सूचना होती. नियम असा की जागा पाहून तिथेच मतदान घ्यायचे. समितीने त्यासाठी नेमका पुराचा दिवस निवडला आणि ती छत्र्या उघडून पुलावर उभी राहिली. अध्यक्षांनी, म्हणजे औषध दुकानाच्या मालकांनी, कर्ण्यावरून पुकारले, "पाइप हवा असेल त्यांनी हात वर करा." तेव्हा अर्जदार कमरेइतक्या पाण्यात शिलाई मशीन डोक्यावर धरून दाराच्या पायऱ्यांखाली उभी होती. तिचे दोन्ही हात मोजले गेले आणि ठराव एका मताच्या फरकाने संमत झाला.

एका बाईची दोन मते कशी, असे विचारता अध्यक्ष म्हणाले, "एक तुमचं, एक सासूबाईंचं धरलं. घरटी हिशोब चोख बसतो."

३. मशीन खाली ठेवून विरोध नोंदवायला हवा होता, असेही समितीचे म्हणणे आहे. शिवाय "तुम्हाला पाण्याची सवय आहे" अशी समजूत घालण्यात आली. ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. बुडते त्याचेही तसेच असावे.

४. पाइपचे तोंड सासूबाईंच्या खिडकीसमोर येते. या पुरातच पाणी त्यांच्या खाटेला टेकले होते. त्यांना एकटीने उचलून माळ्यावर नेणे अर्जदाराला जमत नाही, आणि खोदकाम सोमवारी सुरू होणार आहे. अर्जदाराला भीती वाटते, हे ती इथे सरळ लिहिते.

तरी ठराव रद्द करून कोरड्या दिवशी घरोघरी जाऊन मते घ्यावीत. सासूबाईंपाशीही यावे. त्यांचे मत आधीच नोंदले गेल्याचे कळल्यावर त्या म्हणाल्या, "बुडायला मी कधी गं हो म्हटलं?"

याचे उत्तर आपण कळवावे.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
शिवणकामवाली, खालची गल्ली

दिनांक: पाणी ओसरल्याचा दुसरा दिवस