तुझ्या सहीने गेलेलं पत्र

सोमवार, ९ तारीख
दुपारचे अडीच

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. खरोखरच पोटावर पडून लिहितोय, त्यामुळे यावेळचा नमस्कार नुसता कागदावरचा नाही. बाबा बरे आहेत. चष्म्याची काडी मोडली ती त्यांनी दोऱ्याने बांधली आहे. नवा घ्या म्हटलं की, "मला काय नवरदेव व्हायचंय?" दाजींना नमस्कार, चिमणीला माझ्याकडून एक टपली.

पाच महिने मी तुला फोन केला नाही. कॉलेज सोडून, प्राचार्यांच्या केबिनचं दार आपटून आलो, तेव्हा तू म्हणालीस, "तुझ्या हातून एक तरी गोष्ट तडीला जाईल तर शपथ." ते जे झोंबलं ते अजून झोंबतंय. ते डोक्यात ठेवून पुढचं वाच.

मला नोकरी लागली होती. बाबांना सांगितलं, जाहिरात कंपनीत लेखनिक. बाजारामागच्या इमारतीत दुसरा मजला, दारावर पाटी नाही, आत सहा टेबलं. प्रत्येकाच्या पुढ्यात निरनिराळी पेनं आणि निरनिराळे कागद. आम्ही पत्रं लिहायचो. लोकांची. लोकांना न विचारता.

आपल्याकडचा सरकारी दवाखाना काचवाल्यांना हवा आहे. काचवाले म्हणजे तेच, काचेच्या कारखान्याचे मालक. त्यांच्या संस्थेला दवाखाना मिळाला की फुकटच्या खाटा जाणार आणि मागच्या मोकळ्या जागेवर टॉवर येणार. पण नगरसभेने मतदान करण्याआधी जनतेचं मत मागवायचं, असा नियम आहे. छापील पत्रांचा गठ्ठा कितीही जाड असला तरी एकच मत. हाताने लिहिलेलं, मतदाराचं नाव, पत्ता, सही असलेलं प्रत्येक पत्र मात्र वेगळं. हा नियम कुणीतरी चांगल्या मनाने केला असणार. काचवाल्यांनी त्याच्यासाठी सहा जणांची अक्षरं भाड्याने घेतली.

आमच्यावर एक निवृत्त मास्तर होते. आयुष्यभर पोरांचं अक्षर सुधारलं आणि आता बिघडवायला शिकवायचे. "अरे, सत्तरीची बाई लिहितेय ना? ओळ जरा खाली उतरू दे. एखादी वेलांटी चुकव. चुकलं की खरं वाटतं." मतदारयादीतले गाव सोडून गेलेले, पण नाव न खोडलेले लोक त्यांनी आम्हाला वाटून दिले होते. मला पाच तऱ्हेची अक्षरं यायची. तू हसायचीस ना, याचं अक्षर दर पानाला बदलतं म्हणून?

आता हसू नकोस, पण मी प्रेमात आहे. नगरसभेच्या आवक खिडकीत ती बसते. मी तिला मनातल्या मनात शिक्केवाली म्हणतो. नळाची तक्रार द्यायला गेलो, तिने शिक्का मारला, वर बघितलं, आणि संपलं माझं. मग गल्लीतल्या गटारावर चार अर्ज केले, दिव्यावर दोन. शेवटी तीच म्हणाली, "तुमच्या गल्लीत काही धड आहे की नाही?" मी म्हटलं, "आत्ता या खिडकीसमोर उभं आहे तेवढंच." ती हसली. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसतो.

ती सगळी पत्रं वाचते. तिचं ते काम नसताना. "लोकांना वाटतं कुणी वाचत नाही. मी वाचते." एक दिवस डब्याचं झाकण न काढता नुसती बसली. म्हणाली, "एका मुलीचं पत्र आलंय. तिची आई त्या दवाखान्यात पाणी पाणी करत गेली म्हणे. कुणी फिरकलं नाही. मला जेवावंसंच वाटेना."

मी विचारलं, "अक्षर कसं होतं?"

"असं काय विचारतोस? अक्षर खरं होतं."

ताई, यादीत तुझं नाव आलं होतं. लग्नानंतर तू इथलं खोडलंच नाहीस. मास्तर म्हणाले, "तुझीच बहीण ना? हिला घे, दवाखान्याचं दुःख आहे का घरात?" मी ते पान पुढच्या टेबलाकडे सरकवू शकलो असतो. पण तुझं ते वाक्य डोक्यात होतं. म्हटलं, थांब, तुला दाखवतोच तडीला नेणं म्हणजे काय. तुझा तो लांब शेपटीचा 'र', सहीखालच्या दोन रेघा, सगळं साधलं. मास्तरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. मला अभिमान वाटला, गं.

गेल्या बुधवारी सुनावणी झाली. सभागृहातल्या खुर्च्या काचवाल्यांनी भेट दिल्यात, प्रत्येक पाठीवर त्यांचं नाव. कुणीही उठलं की आधी ते नाव दिसतं, मग माणूस बोलतो. काचवाले स्वतः आलेच नाहीत. कशाला येतील? तुझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. एका सभासदाने रुमाल काढला. दुसरा म्हणाला, "लोकांनी कौल दिलाय, आता आपण कोण?" मी खुर्चीचा हात धरून बसलो, तर बोटांखालीही तेच नाव कोरलेलं.

आणि दोन रांगा पुढे सिस्टर बसल्या होत्या. आईच्या वॉर्डातल्या.

त्या बाहेर माझ्यासाठी थांबल्या. पदर, पर्स, सगळं एका हातात गोळा करून. म्हणाल्या, "तुझ्या ताईला खरंच असं वाटलं का रे?"

मी हो म्हणालो.

पत्र लिहिलं तेव्हा राग तरी होता. हे 'हो' मी शुद्धीवर असताना म्हटलंय. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

तू पोहोचलीस तेव्हा आई गेलेली होती, म्हणून तुला खरं सांगतो. ती पाणी पाणी करत गेली नाही. सिस्टरांची ड्युटी संपली होती, तरी त्या बसून होत्या. चमच्याने पाणी पाजलं, ओठ पुसले. आईने मला म्हटलं, "ताईला सांग, घाईने येऊ नको, गाडीत बसायला जागा बघून ये." मग हात सिस्टरांच्या हातात राहिला. इतकंच. हे दोन वर्षं तुला सांगायचं राहिलं, कारण तू रडशील म्हणून मी टाळत होतो. आणि त्याच्या आधी त्याचं उलटं सगळ्या गावाने ऐकलं.

नोकरी सोडली. यावेळी दार आपटलं नाही. मास्तर म्हणाले, "बोंबल जाऊन. पगार बुडाला म्हणून बोलतोय म्हणतील." बरोबर आहे त्यांचं. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानेच खिडकीवर येऊन ते नाकारायचं, असा नियम आहे. एक जरी खोटं निघालं तर मतदान थांबवून सगळा गठ्ठा तपासावा लागतो. हे मला शिक्केवालीनेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. मतदान शुक्रवारी आहे. खिडकी गुरुवारी पाचला बंद होते, म्हणून हे पत्र आजच कुरिअरने पाठवतोय.

तू ये. सोबत नकाराचा अर्ज जोडलाय. मजकूर मी लिहिलाय, सहीची जागा कोरी आहे. माझा हात तिथे दोनदा गेला, इतकी घाण सवय लागलीय. तुझी सही तूच कर.

खिडकीत ती असेल. विचारेल, मग हे लिहिलं कुणी? माझं नाव सांग. अडखळू नकोस, सावरून घेऊ नकोस. पोलीस येतील ते येतील. ती माझ्याकडे कशी बघेल त्याची जास्त भीती वाटते. त्याआधी मी स्वतः तिला सांगायला हवं, हे कळतं. आज पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आलो. उद्या पुन्हा जातो. सिस्टरांच्या घरीही जायचंय.

गाडीत बसायला जागा नसली तरी ये.

ज्याच्या हातून एकच गोष्ट तडीला गेली आणि जो ती मोडायला तुला बोलावतोय,
तो, स्वतःच्या अक्षरात,
तुझा धाकटा