वर्षाच्या हाताचं धनुष्य

तांडा, ता. आर्णी
१९ जानेवारी

चि. वर्षा,
अनेक आशीर्वाद. रीतीप्रमाणे ‘चि. सौ.’ लिहिणार होतो, हात थांबला.

आम्ही इकडे ठीक आहोत. तूर सोंगून झाली. धाकटा इंद्रजीत मळणीयंत्र ठरवायला आर्णीला गेला आहे. तुझ्या वडिलांचा फोन आला होता. ऐकून घेतलं, ‘कळवतो’ म्हणालो आणि ठेवून दिला. त्याचं पुढे लिहितो.

आधी धनुष्याचं. राजकुमारनं तुझ्यासाठी घडवायला घेतलेलं ते धामणीचं लाकूड त्याच्या अपघातानंतर कोपऱ्यातच उभं होतं. तू बोरी अरबला माहेरी गेलीस आणि मी ते हातात घेतलं. का घेतलं, मलाच ठाऊक नाही. मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही. जेवतो, ढोरांना पाणी पाजतो, झोपतो. लोक भेटायला येतात, माझ्याकडे बघून त्यांनाच रडू येतं. मग मीच त्यांना चहा पाजतो.

धनुष्याची खालची बाजू चांगली लवत होती, वरची ताठ होती. लवलेली बाजू पुन्हा ताठ करता येत नाही. ताठ असते तिलाच पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या अंगानं, काचेच्या तुकड्यानं खरवडत दुसरीच्या बरोबरीला आणायचं. हे एकट्याचं काम नव्हे. धनुष्य भिंतीच्या खुंटीला अडकवून एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं लांब उभं राहून वाक बघायचा. मी ओढायचो, राजकुमार बघायचा. वर मलाच ओरडायचा, “हळू! बैल बांधून राह्यले का?”

परवा मी एकटाच ओढत होतो. तुझी सासू दारात तांदूळ निवडत होती. ती आता कोणाशी बोलत नाही, तुला माहीतच आहे. एकदम म्हणाली, “वरली बाजू अजून ताठच हाय. कायले जोर लावता? खरवडा अजून.”

तेव्हापासून मी ओढतो, ती बघते. आता खुंटीवर दोन्ही बाजू सारख्या लवतात. पण खुंटी म्हणजे माणसाचा हात नव्हे. ज्याचं धनुष्य त्यानं स्वतः पुरतं ओढल्यावरच शेवटची कसर कळते. तुझ्या हाताचं माप राजकुमार आतल्या खोलीत घ्यायचा आणि दोरीवर खूण करून मला आणून द्यायचा. कारण सासऱ्यासमोर सुनेनं तोंडावर पदर घेऊन यायचं, आणि तसा पदर घेऊन नेम धरता येत नाही. तांड्यात आता हे कोण पाळतं? आपण पाळलं. एका घरात राहून मी तुझा चेहरा धड पाहिलेला नाही. जिल्ह्याच्या तिरंदाजी स्पर्धेतला तुझा फोटो पेपरात आला, तो तेवढा पाहिला. तोही तुझ्या सासूनं दाखवला म्हणून.

आज सकाळी मी तिला म्हणालो, वर्षाकडून खूण करून मागवू. तर म्हणाली, “खूण काहून? तिलेच बोलवा. तुमच्यासमोर ओढू द्या.”

“सून हाय ते आपली.”

“कोणाची सून? तो कुठं हाय?”

मी धनुष्य खुंटीवरून उतरवलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

दारव्ह्याच्या त्या मास्तरांचं स्थळ चांगलं आहे, पण आमच्या शब्दाशिवाय तू होकार देत नाहीस, असं तुझे वडील म्हणत होते. शब्द द्यायला मला वेळ लागला. ‘हो’ म्हटलं, की राजकुमार गेला हे मीच माझ्या तोंडानं म्हणायचं. ते आजवर मी म्हटलेलं नाही, स्मशानातही नाही. आता म्हणतो. तो गेला. पोरी, तू होकार दे. आमच्या दोघांचंही हेच म्हणणं आहे.

पुढच्या आठवड्यात ये. पदर घेऊ नकोस. अंगणात माझ्यासमोर उभी राहा आणि पुरतं ओढ. मी मान खाली घालणार नाही.

सासरा म्हणून तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि शेवटचंही.

तुझा बाप,
बाबूसिंग