रिळावरचा दुसरा गळा

कासू, १२ जानेवारी १९६९
पेणहून एस.टी.नं आलो. टेपरेकॉर्डरचं धूड वाहून खांदा भरून आलाय, पण मन खूश आहे. मिठागरातल्या बायकांची जात्यावरची गाणी टेप करायला आमच्या संस्थेनं पाठवलंय. मुकादम कमळाकरांनी ओटीवर जागा दिली, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. खाडीचा वारा गार लागतो.

१३ जानेवारी
सकाळी गोदूबाई दळता दळता गायल्या. साठीच्या आहेत, एकट्याच राहतात. पूर्वी धाकटी बहीण मैना जात्यावर समोर बसायची. बांध फुटला त्या वर्षी ती खाडीत गेली, सापडलीच नाही.
दुपारी टेप ऐकवली. गोदूबाईंच्या गळ्यामागे दुसरा गळा होता, कोवळा. मी म्हटलं, आधीचं काही पुसायचं राहिलं असेल.
त्या म्हणाल्या, "माजी मैना हाय ती."
रीळ कोरं होतं. वेष्टन मीच फोडलं होतं.

१६ जानेवारी
गोदूबाई रोज टेप ऐकायला येऊन बसतात. कामावर जात नाहीत, जेवत नाहीत. कमळाकर माझ्यावर चिडलेत. नको म्हटलं की बाई पाया पडतात, मग लावतो. फार थकलोय. दर वेळी गाणं थोडं वाढतं. आज शेवटी मैना बोलावत होती: बाय गो, खुंट्याला हात लाव, एकलीला जातं वडत नाय.

१८ जानेवारी
रीळ पुसलं. लावून पाहिलं, नुसती खरखर. गोदूबाईंना सांगितलं. रडल्या नाहीत. "मंग मलाच जायला लागंल," म्हणाल्या.
मला वाटलं, घरी जातायत. अंग इतकं जड होतं, उठून पाहिलंही नाही.

१९ जानेवारी
गोदूबाई ओहोटीला बांधाखाली सापडल्या. सामान बांधायचंही बळ नाही.
पुसलेलं रीळ लावलं. दोघी गातायत.

२०
मशीनमधले सेल काढलेत. तरी ऐकू येतंय —
एक ओळ झाली की दोघी थांबतात. पुढची ओळ मला येते. मी ती कधी ऐकलेली नाही.
कमळाकर दारातून विचारतायत, मास्तर, कधीचे गाताय? मी तर तोंड मिटून —

हाताला लाकूड लागतंय. ओलं. वरून दोन हात घट्ट — ओळ सरळ येत नाही, हात गोल फिर